समाजमाध्यम कंपन्यांची संसदेत झाडाझडती : दार उघडं हवं की बंद?

तलावपाळीकर (धागाकर्ता) :

आपले खासदार समाजमाध्यम कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बोलावतात. तिथे काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हे आपल्याला कळावं की नाही, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो : कळायलाच हवं.

अमेरिकेतल्या सुनावण्या आपण घरबसल्या पाहतो. एप्रिल २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणानंतर फेसबुकचे मार्क झुकरबर्ग सिनेटपुढे बसले. ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्या कंपनीकडे गेली असावी, हे फेसबुकनेच मान्य केलं होतं. ३१ जानेवारी २०२४ ला तर मेटा (फेसबुकची मूळ कंपनी), टिकटॉक, स्नॅप, एक्स आणि डिस्कॉर्ड या पाचही कंपन्यांचे प्रमुख एका रांगेत होते आणि त्यांच्या मागे समाजमाध्यमांमुळे हानी झालेल्या आपल्या मुलांचे फोटो हातात धरून आईवडील बसले होते. या लोकांची माफी मागितलीत का, असं सिनेटर जोश हॉली यांनी विचारल्यावर झुकरबर्ग उभे राहिले, मागे वळले आणि त्या पालकांपाशी दिलगिरी व्यक्त केली. या सगळ्याचं चित्रीकरण आहे, शब्दशः नोंद आहे, कोणीही काढून वाचू शकतं.

आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये अनुराग ठाकूर अध्यक्ष असलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने ट्विटरच्या प्रमुखांना बोलावलं. जॅक डॉर्सी आले नाहीत, धोरण सांभाळणारे उपाध्यक्ष कॉलिन क्रोवेल आले. २ सप्टेंबर २०२० ला शशी थरूर अध्यक्ष असताना त्याच समितीपुढे फेसबुक इंडियाचे प्रमुख अजित मोहन हजर झाले. आत काय घडलं? दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत जे आलं ते बहुतेक 'सूत्रांच्या' हवाल्याने. या कंपन्यांचे सर्वाधिक वापरकर्ते असलेल्या देशांत ज्या देशाची गणना होते, तिथल्या नागरिकाने सूत्रांवर विसंबून राहायचं?

ठाण्यापासून ऐरोली-बेलापूरपर्यंत आपला लोकसभा मतदारसंघ एकच आहे, त्यामुळे ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंच्या सभासदांचा खासदारही एकच. इथून काही ठोस निघालं तर एकत्र पत्र लिहावं असं मनात आहे. आधी मतं येऊ द्या, विरोधी मतं तर जरूर येऊ द्या.

कोपरीपूर्व :

तलावपाळीकर, तळमळ पोचली, पण मला त्या उघड्या सुनावण्यांमधून काही निघालेलं दिसत नाही. २०१८ ला ४४ सिनेटर, प्रत्येकाला ५ मिनिटं. ५ मिनिटांत काय उलटतपासणी होणार? ओरिन हॅच यांनी विचारलं की लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा, आणि झुकरबर्गनी एका वाक्यात सांगितलं की आम्ही जाहिराती दाखवतो. अडचणीचा प्रश्न आला की 'माझी टीम तुम्हाला नंतर माहिती देईल'. २०२४ च्या सुनावणीत विषय होता मुलांचं लैंगिक शोषण, आणि टॉम कॉटन टिकटॉकच्या शाऊ च्यू यांना पुन्हा पुन्हा विचारत होते तुमचं नागरिकत्व कुठलं. ते सिंगापूरचे आहेत हे त्यांनी सांगून झालं होतं.

आणि कायदा? लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून या कंपन्यांना वाचवणारं अमेरिकेतलं कलम २३० हे १९९६ सालचं. त्याचा गाभा अजून तसाच आहे. मुलांच्या सुरक्षेचं विधेयक जुलै २०२४ मध्ये सिनेटने ९१ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं आणि ते खालच्या सभागृहात अडकून मेलं. कॅमेरा लावला की खासदार कंपनीकडे बघून बोलत नाही, मतदाराकडे बघून बोलतो. आपल्याकडे तर हे दसपट होईल.

निवृत्त_लेखणी :

माझी नोकरी समित्यांच्या कामकाजाशी निगडित होती, म्हणून थोडी कार्यपद्धती सांगतो. त्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. एकेका समितीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. लोकसभेच्या नियम २६६ प्रमाणे समितीच्या बैठका खाजगीत होतात. हे कोणा एका सरकारचं कारस्थान नाही, आणि त्यामागे कारणही आहे. बंद खोलीत सदस्य पक्षाची भूमिका बाजूला ठेवून बोलतात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे खासदार समितीत एकाच बाजूने अधिकाऱ्याला घेरतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. कोपरीपूर्व यांना जी भीती वाटते ती रास्त आहे.

मात्र बैठक बंद म्हणजे साक्ष कायमची बंद, असं नाही. लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ५८ प्रमाणे समितीने साक्षीदाराला सुरुवातीलाच सांगायचं असतं की तुमची साक्ष सार्वजनिक समजली जाईल आणि ती प्रसिद्ध होऊ शकते. एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर त्याने तशी विनंती करायची. नियम २७५ नुसार समिती संपूर्ण साक्ष, तिचा भाग किंवा सारांश सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचा आदेश देऊ शकते. नियम २७० ने माणसं, कागदपत्रं, दफ्तर मागवण्याचा अधिकार समितीला आहेच. थोडक्यात, तलावपाळीकर म्हणतात ते करायला नवा कायदा लागत नाही, नियमदुरुस्तीसुद्धा लागत नाही. समितीच्या मनात यायला हवं.

तलावपाळीकर :

लेखणीकाका, निर्देश ५८ मला माहीत नव्हता. याने चर्चेचं वळणच बदललं. थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडायला मी तयार आहे. बैठक बंद दाराआड होऊ दे, पण शब्दशः साक्ष अहवालासोबत बाहेर आली पाहिजे.

कोपरीपूर्व, ५ मिनिटांच्या तमाशाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण दुसरा नमुनाही आहे. अमेरिकेतलीच २९ जुलै २०२० ची मक्तेदारीवरची सुनावणी आठवा : ॲमेझॉनचे बेझोस, ॲपलचे कुक, गूगलचे पिचाई आणि झुकरबर्ग. त्या उपसमितीने, डेव्हिड सिसिलिनी अध्यक्ष होते, आधी वर्षभर कंपन्यांकडून अंतर्गत कागदपत्रं मिळवली होती. त्यामुळे तिथल्या खासदार प्रमिला जयपाल यांनी झुकरबर्गना प्रश्न विचारले ते त्यांच्याच जुन्या पत्रव्यवहारावर बोट ठेवून. २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम घेताना स्पर्धक संपवण्याचा विचार होता का, हा प्रश्न तेव्हा ऐकीव राहिला नाही, ईमेल समोर होते. २०२० च्याच अखेरीस तिथल्या व्यापार आयोगाने फेसबुकवर खटला भरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो निकाल मेटाच्या बाजूने लागला हे खरं, पण ते ईमेल आज जगासमोर आहेत आणि कोणीही अभ्यासक ते वाचू शकतो. आधी कागद, मग माणूस. हा क्रम पाळला तर सुनावणीला अर्थ येतो.

घोडबंदरकर :

मी उलट्या दिशेने येतो. मला कंपन्यांइतकीच, किंबहुना जास्त, धास्ती सरकारची आहे.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. नवा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामागे या अटकेने उडालेली खळबळ होती. पुढे केंद्राने स्वतःच्या कारभाराविषयीची कुठली माहिती खोटी हे ठरवणारा तथ्य पडताळणी कक्ष काढायचं ठरवलं, तो नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. म्हणजे सत्तेला या माध्यमांवर हात ठेवायचाच असतो, पक्ष कुठलाही असो.

आता विचार करा, खोलीत एका बाजूला सत्ताधारी खासदार आणि समोर कंपनीचा अधिकारी, ज्याचा सगळा धंदा सरकारच्या मर्जीवर. तिथे 'अमुक पोस्ट का काढत नाही' असा दम दिला गेला तर कोणाला कळणार? जानेवारी २०२५ चं उदाहरण घ्या. २०२४ च्या निवडणुकांत बहुतेक देशांत सत्ताधारी हरले, भारतातही, असं झुकरबर्ग एका पॉडकास्टमध्ये बोलले. ते चूकच होतं. लगेच समितीचे अध्यक्ष निशिकांत दुबे यांनी मेटाला बोलावणार असं जाहीर केलं, कंपनीने माफी मागितली आणि विषय मिटला. माफी योग्यच होती. पण एका वाक्यासाठी इतकी तत्परता आणि बाकीच्या गोष्टींसाठी वर्षानुवर्षं शांतता, हे मला खटकतं.

म्हणून माझं मत : साक्ष प्रसिद्ध व्हावी. कंपनीने काय लपवलं ते कळेल, आणि खासदारांनी काय दटावलं तेही कळेल. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली पोस्ट ब्लॉक करण्याचे आदेश निघतात, तेही २००९ च्या नियमांनुसार गोपनीय. एवढी गुप्तता पुरे झाली.

नेरूळकरीण :

तुमची सगळ्यांची चर्चा वाचतेय. नियम, कलमं, सगळं महत्त्वाचं आहे. मी फक्त घरातलं सांगते. माझी मुलगी आठवीत आहे. वर्गातल्या मुलींचा ग्रुप, त्यात कोणाचे किती फॉलोअर, कोणी कोणाच्या फोटोवर काय लिहिलं, यावर तिचा आख्खा दिवस ठरतो. शाळेने पालकसभेत सांगितलं फोन देऊ नका, आणि गृहपाठ त्याच फोनवर पाठवतात.

२०२१ मध्ये कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी फेसबुकमधली जी कागदपत्रं बाहेर आणली, त्यात कंपनीच्याच एका सादरीकरणात लिहिलेलं होतं की शरीराविषयीचा न्यूनगंड असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीचा त्रास इन्स्टाग्राममुळे वाढतो. म्हणजे त्यांना माहीत होतं. ५ ऑक्टोबर २०२१ ला त्या सिनेटच्या उपसमितीपुढे बोलल्या तेव्हा मी सगळं ऐकलं, रात्री मुलं झोपल्यावर. एक बाई शांतपणे, एकही शब्द न वाढवता, आतलं सांगत होती आणि खासदार पहिल्यांदाच खरोखर ऐकत होते. कोपरीपूर्व दादा, उघड सुनावणीने काही होत नाही असं म्हणू नका. माझ्यासारखीला त्या दिवशी कळलं की माझं घर वेडं नाहीये.

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना खाती उघडायला बंदी केली, १० डिसेंबर २०२५ पासून. ते बरोबर की चूक यावर इथे भांडण होईल, मलाही नक्की ठरवता येत नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल असं आहे. ती संमती प्रत्यक्षात कशी घेणार? मुलगी माझ्याच फोनवरून माझ्या नावाने हो म्हणेल, मग? हा प्रश्न कोणीतरी त्या अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारावा आणि उत्तर मला वाचायला मिळावं. एवढंच मागणं आहे.

खाऊवाली_ठाणे :

मी घरून दिवाळी फराळ, पुरणपोळ्या, मोदक करते. पाचपाखाडी ते घोडबंदर ऑर्डरी जातात, आणि त्यातल्या बहुतेक समाजमाध्यमांवरून येतात. त्यामुळे या कंपन्या बंद करा वगैरे कोणी बोललं की पोटात गोळा येतो. माझ्यासारख्या शेकडो बायकांचा गाळा तो आहे.

पण गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर माझं व्यवसायाचं खातं बंद पडलं. कोणीतरी खोटी तक्रार केली असावी. कारण काय ते लिहिलेलं नाही, माणसाशी बोलायची सोय नाही, फॉर्म भरला की यंत्राचं उत्तर. हरतालिकेला खातं परत चालू झालं, तोवर मोदकांचा हंगाम अर्धा गेला होता. कंपनीचं नाव घेत नाही, सगळीकडे हेच आहे असं मैत्रिणी सांगतात. मोठमोठ्या सुनावण्यांत निवडणुका, दंगली, परदेशी कारस्थानं येतात. छोट्या माणसाने दाद कुठे मागायची, हा प्रश्न कोणी विचारतो का?

घोडबंदरकर :

ताई, कागदावर दाद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ७ दिवसांत निकाल लावायचा (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). समाधान झालं नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या अपील समित्या २०२३ पासून चालू आहेत, वकील लागत नाही. पुढच्या वेळी (न येवो) फॉर्मसोबत तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. अपिलाला ती लागते.

खाऊवाली_ठाणे :

धन्यवाद. हे मला एकाही मदत पानावर दिसलं नाही. आमच्या बचतगटाच्या ग्रुपवर टाकते.

खाडीपल्याड :

बरेच दिवस इथे वाचनमात्र होते. आज लिहिते, कारण माझं काम या विषयातलं होतं. ऐरोलीतल्या एका बाहेरच्या कंपनीत मी मराठी क्यू बघायचे. म्हणजे लोकांनी तक्रार केलेल्या मराठी पोस्ट, व्हिडिओ, कमेंट आमच्यासमोर येत, ठेवायच्या की काढायच्या हे सेकंदांत ठरवायचं. गोपनीयतेच्या करारामुळे कोणासाठी काम केलं ते सांगत नाही. आता तिथे नाही.

मराठी लोक समाजमाध्यमांवर मराठी कशी लिहितात? निम्मी रोमन लिपीत. त्यात प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. यंत्राला ते कळत नाही, कळलं तर चुकीचं कळतं. आमच्या नवी मुंबईच्या गावठाणांत आगरी बोलतात. त्यातल्या प्रेमाने दिलेल्या शिव्या यंत्र बरोबर पकडायचं, दोन मित्रांची चेष्टा उडायची. आणि एखाद्या जातीच्या लोकांना हिणवायला गावात वापरलं जाणारं टोपणनाव, ज्याचा शब्दशः अर्थ अगदी साधा, ते सुटायचं. मला ते दिसायचं, कारण मी इथली आहे. पण पॉलिसीच्या यादीत तो शब्द नाही, मी तो काढला तर क्वालिटी तपासणीत माझी चूक धरली जायची. एस्कलेट केलं की वरून उत्तर यायचं, पुरेसा संदर्भ नाही. संदर्भ म्हणजे काय, तर आख्खा तालुका!

हॉगन यांच्या कागदपत्रांवरून न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये छापलं होतं की चुकीची माहिती ओळखण्यावर कंपनी जो वेळ खर्च करते, त्याच्या तरतुदीतला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी, उरलेल्या सगळ्या जगाला १३ टक्के. कंपनी म्हणाली आकडा अपुरा आहे. ठीक आहे, मग पुरा आकडा द्या. मराठीसाठी किती माणसं आहेत? त्यातली किती महाराष्ट्रात वाढलेली? रोमन लिपीतल्या मराठीसाठी वेगळं प्रशिक्षण आहे का? हे प्रश्न आजवर कोणत्याही खासदाराने विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. दरमहा कंपन्या जे अनुपालन अहवाल काढतात त्यांत भाषावार फोड द्यायला सांगा, इतकी साधी गोष्ट आहे.

तलावपाळीकर :

खाडीपल्याड, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा कणा आहे. मनापासून आभार.

याला जोडून राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणं ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या महिन्यात केंद्राने कंपनीला खडसावलं, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. म्हणजे बदल करता येत होता. काही आठवड्यांत करता आला. मग पाच माणसं मरेपर्यंत तो का केला नाही, याचं उत्तर एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याने समितीपुढे दिलेलं आपल्याला वाचायला मिळालं आहे का? हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

कोपरीपूर्व :

राईनपाड्याबद्दल वाचून थांबलो. मीही हे विसरलो नाही. माझी शंका कायम आहे, पण शब्दशः साक्षीची मागणी मला पटते, कारण तिथे क्लिप मिळत नाही, कागद मिळतो.

एक विचारायचं होतं. दिल्लीला का जायचं? आपलं विधिमंडळ नरिमन पॉइंटला आहे, बोलावू शकत नाही का?

निवृत्त_लेखणी :

चांगला प्रश्न. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर दिल्ली विधानसभेच्या शांतता व सौहार्द समितीने अजित मोहन यांना बोलावलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ जुलै २०२१ चा निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, म्हणजे विधानसभेची समिती बोलावू शकते हे मान्य केलं. मात्र दिल्लीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था केंद्राकडे असल्याने त्या विषयांवरच्या प्रश्नांना उत्तर द्यायला ते नकार देऊ शकतात, असंही म्हटलं. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधीने त्या समितीपुढे साक्ष दिली.

आता महाराष्ट्राचा विचार करा. इथे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही राज्यसूचीतले विषय. म्हणजे राईनपाड्यासारख्या घटनेवर प्रश्न विचारण्याचा आपल्या विधिमंडळाचा पाया दिल्लीपेक्षा भक्कम आहे, असं माझं वाचन. जाहिराती, डेटा, मुलांची संमती हे मात्र केंद्राचं क्षेत्र. दोन्ही दारं ठोठवावीत.

मासुंदा :

उशिरा आलो. एका विषयाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही : फसव्या जाहिराती.

माझ्या सासऱ्यांना एका बड्या ॲपवर शेअर बाजाराची जाहिरात दिसली. एका प्रसिद्ध उद्योगपतीचा चेहरा, त्यांचाच वाटावा असा आवाज. क्लिक केलं की ग्रुप, ग्रुपमध्ये 'सर' रोज टिप देणार, बाकीचे सभासद नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणार. सगळे बनावट. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तोवर रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकली होती. माणूस बोलायचा थांबलाय. कट्ट्यावर जात नाहीत, लोक हसतील म्हणून.

ही जाहिरात आहे, कोणा नातेवाइकाची पोस्ट नाही. कंपनीने पैसे घेऊन ती दाखवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली की २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के हिस्सा फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज होता. कंपनीने तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला असल्याचं सांगितलं. पण दुसऱ्यांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर न टाकणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण 'आम्ही फक्त मध्यस्थ' या तत्त्वावर उभं आहे. जो पैसे घेतो, कोणाला दाखवायची ते निवडतो, तो फक्त मध्यस्थ कसा? पोस्ट आणि जाहिरात यांना एकच माप लावू नका. घोडबंदरकरांची अभिव्यक्तीची काळजी मला मान्य आहे, पण पैसे भरून दाखवलेल्या फसवणुकीला कसलं स्वातंत्र्य?

घोडबंदरकर :

पूर्ण सहमत. जाहिरातदाराची ओळख पटवल्याशिवाय आर्थिक जाहिरात घेऊ नये, याने कोणाच्याही बोलण्याचा गळा आवळला जात नाही. पत्रात हा मुद्दा सर्वांत वर ठेवा. सासऱ्यांना सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीतले दोन डॉक्टर आणि एक बँक अधिकारी असेच फसलेत.

तलावपाळीकर :

पत्राचा मसुदा असा धरतोय. खासदारांना विनंती की त्यांनी माहिती तंत्रज्ञान समितीकडे हे मांडावं : समाजमाध्यम कंपन्यांना बोलावताना आधी नियम २७० खाली कागदपत्रं मागवावीत, आणि साक्ष झाल्यावर नियम २७५ खाली ती शब्दशः पटलावर ठेवावी. प्रश्न पुढीलप्रमाणे : आर्थिक जाहिरातींतून मिळालेलं उत्पन्न आणि त्यातल्या फसव्या ठरलेल्या जाहिरातींचे पैसे परत केले का. मराठी आणि रोमन लिपीतल्या मराठीसाठी किती माणसं. १८ वर्षांखालच्यांची संमती कशी पडताळणार. छोट्या व्यावसायिकाचं खातं बंद करताना कारण मराठीत का देत नाही. विधिमंडळासाठी वेगळं पत्र, राईनपाड्यासह.

खाडीपल्याड :

एक घाला. बाहेरच्या कंपन्यांत हे काम करणाऱ्या मुलामुलींना मानसोपचाराची सोय किती आणि कशी मिळते. दिवसभर मारहाणीचे, लहान मुलांच्या छळाचे व्हिडिओ बघणारी पोरं ऐरोली, महापे, ठाण्यातच राहतात. मूळ कंपनी म्हणते ती आमची कर्मचारी नाहीत.

नेरूळकरीण :

हे जरूर घाला. मी सीवूड्स आणि नेरूळच्या पालकांच्या सह्या घेते. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर सगळ्या भेटतात.

निवृत्त_लेखणी :

मसुदा ठीक आहे, दोन सूचना. या समित्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात आणि वर्षासाठी विषय निवडतात. तुमचं पत्र निवडलेल्या एखाद्या विषयाशी जोडा, त्या विषयाचं नाव पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर पोच मिळेल आणि कागद फायलीला लागेल. दुसरं, समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निवेदनं मागवते तेव्हा ती हिंदी किंवा इंग्रजीत द्यावी लागतात. मराठी पत्र खासदारांना द्या, त्याची हिंदी प्रत समितीच्या सचिवालयाला लोकसभेच्या पत्त्यावर स्वतंत्र पाठवा. हिंदी मी करून देतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्यांवर काय केलं हे सरकारला तीन महिन्यांत कळवावं लागतं, ते उत्तरही अहवालात छापून येतं. त्यावर लक्ष ठेवायला इथल्या कोणीतरी एकाने नाव द्या.

मासुंदा :

माझं धरा.